लायब्ररीबाईंची मोजणी

खुर्चीतून उठायचं म्हटलं की लायब्ररीबाई आधी पंखा बंद करायच्या, मग दिवा, मग कॉम्प्युटर. एकोणीस वर्षांची सवय. समोर माणूस नसताना यंत्र चालू राहिलं की त्यांच्या जिवाला घोर लागायचा.

यंदा मात्र त्यांच्या नोकरीवरच गदा आली होती. मोजणीत पाचांपेक्षा जास्त पुस्तकं कमी भरली तर बाईंना निरोप द्यायचा, असा ठराव समितीने केला होता. अध्यक्ष नव्या माणसाचा अर्ज खिशात घेऊनच फिरतात, असंही कानावर येत होतं.

मदतीला भाची धावली. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये चार हजार दोनशे बारा पुस्तकांची यादी होतीच. तिने मावशीच्या मोबाइलवर एक पान उघडून दिलं. कपाटापाशी उभं राहून पुस्तकाचा क्रमांक फोनवर टाकायचा, की तिकडे कॉम्प्युटरच्या यादीत त्यापुढे 'सापडले' अशी नोंद व्हायची. "कॉम्प्युटर तेवढा चालू असू दे हं, मावशी," जाता जाता ती म्हणाली. मावशींनी मान डोलावली.

मग चार दिवस त्या रोज सकाळी कॉम्प्युटर चालू करायच्या, फोन हातात घ्यायच्या, आणि उठताना कॉम्प्युटर बंद करून कपाटांकडे जायच्या. शिडीवर चढून, धुळीने शिंकत, अंगठा सुजेपर्यंत त्यांनी क्रमांक टाकले. प्रत्येक क्रमांकापुढे एक लाल ठिपका उमटायचा. बाईंना वाटलं, शाबासकी असावी.

पाचव्या दिवशी अकरा वाजता अध्यक्ष आले. बाईंनी ऐटीत यादी उघडली. सापडलेली पुस्तकं शून्य. हरवलेली चार हजार दोनशे बारा.

अध्यक्षांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "बाई, सगळीच?"

"अहो, समोर कपाटं भरलेली दिसतायत ना तुम्हाला?"

"मला दिसून काय उपयोग? ठरावात 'यादीप्रमाणे' असं लिहिलंय."

बाईंनी भाचीला फोन लावला. कॉम्प्युटर चालू होता का, एवढंच तिने विचारलं. बाईंनी खरं ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं.

"मावशी, लाल ठिपका म्हणजे नोंद फोनमध्येच अडकलीय. काही गेलेलं नाही. खाली 'पाठवा' आहे, ते दाब. आणि खुर्चीतून उठू नकोस."

बाईंनी सुजलेल्या अंगठ्यानेच दाबलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा हरवलेल्यांचा आकडा घसरू लागला. हजारावर आला, शंभरावर आला, आणि सहावर येऊन थांबला.

अध्यक्षांचा हात खिशाकडे गेला. बाई त्या सहा नावांकडे टक लावून बघत राहिल्या. चौथं नाव होतं 'घरगुती दुरुस्तीचा बृहत्कोश'. एवढा जाडजूड ग्रंथ जाईल कुठे? आणि एकदम त्यांना आठवलं. मान दुखते म्हणून सात वर्षांपूर्वी पडदा उंच करायला त्यांनी तोच खाली सरकवला होता. चार दिवस सगळी कपाटं धुंडाळली, पण नाकासमोरचं पुस्तक मोजायचं राहिलं होतं.

"आहे, इथेच आहे. पडदा उचलावा लागेल," म्हणत त्या उठल्या आणि त्यांचा हात बटणाकडे गेला.

"बाई, हात मागे घ्या," अध्यक्ष म्हणाले. आपण कोणाच्या बाजूने आहोत हे त्या घाईत ते विसरले असावेत. त्यांनी चालू पडदा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. बाईंनी कोश ओढून काढला, धूळ झटकली, क्रमांक फोनवर टाकला. अध्यक्षांच्या छातीवरचा सहाचा पाच झाला.

"ठरावात काय आहे?" बाईंनी विचारलं.

"पाचांपेक्षा जास्त," अध्यक्ष पडेल आवाजात म्हणाले. "पाच चालतात."

बाईंच्या डोक्यावरचं मणभर ओझं उतरलं. त्या मटकन बसल्या, रडल्या थोड्या, हसल्याही. मग कोश पुन्हा जागेवर ठेवून त्यांनी यादीत त्याचा पत्ता लिहिला: पडद्याखाली. अध्यक्षांनी हातातला पडदा त्यावर ठेवला आणि दमून शेजारच्या खुर्चीत टेकले.

"पाणी आणते हं तुम्हाला," बाई म्हणाल्या. उठताना त्यांनी पंखा बंद केला, दिवा बंद केला. कॉम्प्युटरच्या बटणाशी हात थबकला.

"हा राहू दे चालू," असं म्हणून त्या गेल्या. अर्ध्या अंधारात, घाम पुसत, अध्यक्ष कॉम्प्युटरची राखण करत बसले.