नदीकाठी एक रात्र, नियोजनासह

निसर्गाच्या सान्निध्यात एखादी रात्र घालवावी असे माणसाला वाटणे, ही नैसर्गिक गोष्ट आहे. परंतु नैसर्गिक गोष्ट आपली आपण होऊ दिली तर तिच्यात सुसूत्रता राहत नाही. म्हणून नियोजन लागते. नियोजनाला समिती लागते, समितीला अध्यक्ष लागतो, आणि अध्यक्ष आमच्या चाळीत पहिल्यापासूनच होते. (श्री. अंबादास कोयंडे, सरकारी नोकरीतून निवृत्त, खोली नंबर एक. खोली जिन्याला लागून असल्यामुळे कोण कधी आले-गेले हे त्यांना बसल्या जागी कळते.)

बोरिवली पूर्वेच्या आमच्या चाळीने १९८६ च्या जानेवारीत दहिसर नदीच्या काठी एका रात्रीचे शिबिर भरवले. त्याची हकीकत इतर चाळींना मार्गदर्शक ठरावी, या हेतूने शिबिराचा चिटणीस या नात्याने मी ती लिहून ठेवत आहे.

मूळ कल्पना मात्र, नमूद करण्यास खेद होतो, समितीची नव्हती. ती माझ्या शेजारच्या दत्ताराम घाडीच्या बायकोची, प्रेमाची. घाडींची खोली दहा बाय बाराची. तीत नवरा-बायको, दोन मुले, दत्तारामचे आईवडील आणि गिरणी संपापासून घरी बसलेला धाकटा भाऊ सहदेव असे सात जण गुण्यागोविंदाने राहतात. (गुण्यागोविंदाने म्हणजे एकाने कूस बदलली की उरलेले सहाही बदलतात.) लग्नाला दहा वर्षे झालेली. नवरा-बायकोचे खासगी बोलणे काय ते सकाळी नळावर, हंडा भरेपर्यंत. आणि हंडा लहान.

एका संध्याकाळी प्रेमा नवऱ्याला म्हणाली, "माका एकदा नदीर रवाक जावचा आसा. एक रात. तुमी नि मी. तिसरा कोण नको."

"हंय खंय इली नदी?"

"दहिसराक आसा मा? पानी व्हावता, मगे ती नदीच."

प्रेमाचे माहेर मालवणकडचे, अगदी नदीच्या काठावरचे. (आमच्या दोन खोल्यांमध्ये फळ्यांचे पार्टिशन आहे. त्यामुळे हे संभाषण मी ऐकले नाही. ते ऐकू आले.)

दत्ताराम साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर. तिथला त्याचा दोस्त सेबॅस्टियन परेरा हा गोराईचा, घरची होडी असलेला. त्याने होडीवरची ताडपत्री आणून दिली आणि सल्लाही दिला. "ही घे, दोन काठ्या घे, आणि शनिवारी वैनीला घेऊन सटक. चाळीत कुणाला काय बोलू नको हां, यार. वाट लागेल."

सल्ला झकास होता. पण दत्ताराम पडला टापटिपीचा माणूस. ताडपत्रीला बोंबलांचा वास येत होता, म्हणून त्याने ती नळावर धुतली आणि गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातली.

पावसाळ्यात कठड्यावर ताडपत्री दिसली तर चाळ मान वर करून बघत नाही. जानेवारीत दिसली तर चाळीला जेवण जात नाही. एकामागून एक माणसे येऊन ताडपत्रीला हात लावून गेली. शेवटी स्वतः अंबादासराव आले. दत्तारामला खोटे बोलता येत नाही. (माणूस म्हणून हा एकच दोष.) तो म्हणाला, "नदीवर जायचंय, काका. एक रात्र."

"वा! कोण कोण?"

इथे दत्तारामने 'आम्ही दोघं' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण शेजारी त्याचे वडील उभे होते. दोन मुलांच्या बापाने स्वतःच्या बायकोबरोबर एकटे राहायचे आहे असे भर गॅलरीत सांगणे आमच्याकडे शोभत नाही. वडिलांनाही ते ऐकणे शोभत नाही. दत्ताराम कठड्याकडे बघत म्हणाला, "अजून तसं काही ठरलं नाही."

आमच्या चाळीत 'अजून ठरलं नाही' म्हणजे चाळीने ठरवावे, असा सरळ अर्थ होतो. समिती त्याच आठवड्यात बसली.

पहिला प्रश्न परवानगीचा निघाला. नदीकाठची ती जागा सार्वजनिक होती. सार्वजनिक जागा म्हणजे जिच्यावर सर्वांचा सारखाच हक्क असल्यामुळे कुणाही एकाला बूड टेकता येत नाही, ती. अंबादासराव आणि मी एका कचेरीत गेलो. (कचेरीचे नाव देत नाही, कारण ही ती कचेरी नव्हे असे तिथेही सांगण्यात आले.) तिथल्या गृहस्थांनी आपुलकीने चौकशी केली.

"बांधकाम कच्चं की पक्कं?"

"बांधकाम नाही साहेब. एक रात्र झोपायचंय फक्त."

"आणि मग?"

"मग सकाळी उठून घरी."

साहेबांनी पेन खाली ठेवले. "इथंच तुम्ही लोक घोळ घालता. दहा वर्षं राहिलात तर दाखला आहे, झोपडीचा फोटोपास आहे, पर्यायी जागा आहे. एका रात्रीसाठी माझ्याकडे रकानाच नाही हो. बघा ना, जरा जास्त राहता येतंय का."

आम्ही विचार करून कळवतो म्हणालो. बाहेर पडताना अंबादासरावांना तोडगा सुचला. मोकळ्या जागेवर माणूस झोपला तर ते अतिक्रमण होते, पण देव बसला तर तो कार्यक्रम होतो, आणि कार्यक्रमाला आलेला भक्त पेंगला तर त्याला कोण उठवणार? सत्यनारायणाची महापूजा ठरली. बाकीचे मग आपोआप ठरत गेले. पूजा आली म्हणून मांडव आला, मांडवासाठी लाउडस्पीकर, आणि रात्रभर जागणाऱ्यांनी करायचे काय म्हणून भाड्याचा व्हिडिओ, तीन सिनेमांसह. व्हिडिओला वीज हवी म्हणून जनरेटर घेतला. नदीकाठी एवढे सामान नेल्यावर नदीला जागा उरेल का, अशी शंका एका सभासदाने काढली होती. ती सूचना म्हणून नोंदवून घेण्यात आली.

नियोजनाची व्याप्ती कळावी म्हणून थोडी आकडेवारी देतो. शिबिरार्थी एकसष्ट (पैकी नदी आवडते म्हणून येणाऱ्या, एक). स्टोव्ह सात. कॅरम बोर्ड दोन. जवळच्या नॅशनल पार्कातून बिबट्या आल्यास बडवण्यासाठी थाळ्या पुरेशा, बिबट्या न आल्यास त्याच जेवायला. दत्तारामची ताडपत्री जनरेटर झाकण्यासाठी मंजूर झाली.

झोपण्याची व्यवस्था काटेकोर होती. मांडवाच्या एका बाजूला पुरुषांचा तंबू आणि दुसऱ्या बाजूला महिलांचा. दत्तारामने सभेत हळूच हात वर केला.

"काका, फॅमिलीवाल्यांचं काय?"

"अरे, शिबिर फॅमिलीचंच आहे ना," अंबादासराव म्हणाले. "म्हणून तर महिला वेगळ्या!" टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी नळावर प्रेमा एवढेच बोलली, "तुमका 'आमी दोघा' म्हणूक काय झाला हुता?"

"बाबा उभे हुते थंय."

हंडा भरला. त्यानंतर आठवडाभर पार्टिशनपलीकडून त्या दोघांचा एक शब्द ऐकू आला नाही. दत्ताराम कामावर जाई, येई, भिंतीकडे तोंड करून जेवे. एका बाईने दहा वर्षांत एक गोष्ट मागितली होती आणि तिची आम्ही महापूजा केली होती. मला वाईट वाटले. (चिटणीसालाही वाटू शकते.) पण तोपर्यंत मांडववाल्याला सुपारी दिलेली होती.

शेवटच्या सभेत एक अडचण निघाली. सगळी चाळ नदीवर गेली तर चाळ राखायची कुणी? मागच्या गल्लीत नुकतीच चोरी झालेली. कुणीतरी मागे राहणे भाग होते. तीन सिनेमे कुणालाच सोडवत नव्हते.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून प्रेमा उठली. पदर सारखा करून म्हणाली, "आम्ही राहतो ना. यांना नदीचा गारठा बाधतो. पोरं जातील आजीबरोबर."

"मला कुठे..." दत्ताराम म्हणाला. जन्मात सर्दी न झालेला माणूस तो. मग त्याने बायकोकडे बघितले, आणि दहा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्याला एक गोष्ट वेळेवर कळली. तो खोकला. चांगला दोनदा खोकला.

अंबादासरावांना भरून आले. ज्यांची कल्पना त्यांनीच तिच्यावर पाणी सोडावे, असा त्याग आजकाल कुठे बघायला मिळतो, असे ते म्हणाले. जोडप्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. दत्तारामच्या वडिलांनी डोळे पुसले. प्रेमाने मान खाली घातली होती. तिचे खांदे हलत होते, तेव्हा तीही रडत असावी, असा सर्वांनी समज करून घेतला.

शिबिर यशस्वी झाले. पूजा झाली, प्रसाद पुरला, कुणी हटकले नाही. (एक अधिकारी आले होते, ते तीर्थ घेऊन गेले.) दुसरा सिनेमा रंगात आला असताना जनरेटर बंद पडला आणि काळोखात कसला तरी खळखळ आवाज ऐकू येऊ लागला. "हा आवाज कसला रे?" अशी विचारणा झाली. तपासाअंती ती नदी निघाली. जनरेटर दुरुस्त करून सिनेमा पुढे सुरू करण्यात आला.

सकाळी टेम्पोतून परतलो तर चाळ जशीच्या तशी होती. एक चमचादेखील हलला नव्हता. फक्त गॅलरीच्या मधोमध, जिथे एरवी कुणाला पाय पसरता येत नाही, तिथे एक चटई अंथरलेली होती आणि चटईवर चहाचे दोन कप होते. प्रेमाच्या केसांत अबोलीचा वळेसर होता. दत्ताराम मुलांना टेम्पोतून उतरवून घेताना कसलेसे गाणे गुणगुणत होता. शेजारी राहूनही मला तो गातो हे माहीत नव्हते. खरे सांगतो, मला त्या दोघांचा हेवा वाटला.

"काय केलंत गं रातभर?" तळमजल्याच्या रुक्मिणीकाकूंनी विचारले.

"राखण," प्रेमा म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

या उत्तराने चाळीचे समाधान झाले नाही. सगळ्या खोल्या रिकाम्या, सगळी गॅलरी मोकळी, सांगायला दहा वर्षांचे साठलेले, आणि अहवाल एका शब्दाचा? समितीने दत्तारामला बोलावले. सगळे ठीक होते, असे तो म्हणाला. "ते समजलं रे," अंबादासराव म्हणाले, "पण बोललात काय?" दत्ताराम हसला. तेव्हा समितीने एक चौकशी उपसमिती नेमली. मी तिचा निमंत्रक आहे. दोन महिने होत आले, अजून काही हाती लागलेले नाही.

वाचकहो, एका जोडप्याला दहा वर्षांतून एक रात्र मिळाली, ती त्यांची त्यांना लखलाभ होवो, असे म्हणून तुम्ही मघाशीच पान उलटू शकला असता. नाही उलटलेत. दोघे काय बोलले ते हा आता सांगेल, मग सांगेल, म्हणून माझ्यामागून इथवर आलात. उपसमितीत एक जागा रिकामी आहे, आणि तिला अगदी तुमच्यासारखाच माणूस हवा आहे. खोली नंबर एकमध्ये नाव द्यावे. सभा रविवारी असते. खुर्ची घरून आणावी लागेल.