पडद्याकडे पाठ

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत पहिला टीव्ही मी घेतला आणि त्याच दिवशी माझ्या घरातली माझी खुर्ची गेली. रविवारी सकाळी सगळी गल्ली आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत. पण त्या गर्दीत टीव्हीकडे पाठ करून टीव्ही बघणारा माणूस एकच होता, हुसेनचाचा. ते यायचे, टीव्हीच्या शेजारी स्टूल ठेवायचे, आमच्याकडे तोंड करून बसायचे आणि कार्यक्रम संपेपर्यंत आमची तोंडं न्याहाळायचे. दाढी न करता बसलो असलो की मला फार अवघडल्यासारखं व्हायचं.

माझी बायको सुमन न राहवून एकदा म्हणाली, "चाचा, टीव्ही मागं आहे."

"म्हाइत हाय की वैनी. त्यो काय पळून जातोय व्हय? बसा तुमी."

चाचांनी सगळी उमेदीची वर्षं लक्ष्मीपुरीतल्या एका थेटरात डोअरकीपर म्हणून काढली होती. तिकीट फाडायचं, बॅटरी मारून माणूस जागेवर बसवायचा आणि मग दाराशी उभं राहायचं. दाराशी उभं राहिलं की पडदा तिरका दिसतो, प्रेक्षक मात्र समोर दिसतात. चाचांना हळूहळू प्रेक्षकच आवडायला लागले. शेकडो सिनेमे त्यांनी असे लोकांच्या तोंडावर बघितले. एखाद्या सिनेमाची गोष्ट विचारली तर म्हणायचे, "मधल्या सुट्टीनंतर बायका पदर डोळ्याला लावत्यात, तवा कोनतरी मरत असनार. कोन ते मला नका इचारू."

पण सिनेमा चालणार की पडणार, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. त्यांचं शास्त्र साधं होतं. माणूस खारे दाणे घेऊन आत येतो. सिनेमा बरा असेल तर चावणं मंदावतं, चांगला असेल तर थांबतं. उलट, पायानं चप्पल चाचपडायला लागला की संपलं. थेटरचा मॅनेजर पहिला खेळ सुटला की चाचांकडे यायचा. चाचा एकाच शब्दात सांगायचे, "दाणं थांबलं," नाहीतर "चपला हुडकाय लागली." एकदा कुणा वितरकापुढं जरा गोड बोला म्हणून मॅनेजरनं त्यांना शर्टाचं कापड देऊ केलं. चाचांनी कापड घेतलं नाही आणि वितरकाला जे होतं ते सांगितलं. तो सिनेमा पुढच्या शुक्रवारी उतरला.

निवृत्त झाल्यावर ही खोड थेटरात ठेवून यावी की नाही? छे! पुढाऱ्याचं भाषण असो, भजन असो, चाचा स्टेजकडे पाठ करून उभे. शेजारच्या जाधवांच्या मुलीला बघायला पाव्हणे आले, तेव्हा चाचा खुर्च्या मांडायला गेले होते. मुलीनं गाणं म्हटलं. चाचा स्वयंपाकघरात जाऊन जाधवांच्या कानात म्हणाले, "पोराचं पोहं थांबल्यात. पर आईचं चालूच हाईत. बघा बाबा." जाधवांनी बघितलं नाही, लग्न लावून दिलं. आता ती मुलगी माहेरी आली की आधी चाचांच्या घरी जाते आणि सासूची गाऱ्हाणी तिथंच सांगते.

चाचांची बीवी लवकर गेली. घरात ते, त्यांचा एक भांडखोर कोंबडा आणि पूर्वी त्यांची एकुलती एक लेक नजमा. बाप थेटरातून सिनेमाच्या जाहिरातींचे कागद आणायचा आणि पोरगी त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर चित्रं काढायची. तीच नजमा पुढं मुंबईला गेली आणि मुलांच्या एका साप्ताहिकात 'हिकमती हंबीर' ही चित्रकथा काढू लागली. हंबीर म्हणजे टोपीवाला वांड पोरगा. दरोडेखोरांना असा गंडवायचा की वाचताना मीसुद्धा ऑफिसला उशिरा जायचो. बावड्याच्या साखर कारखान्यात आमचे हेडक्लार्क तो अंक टेबलाच्या खणात ठेवून वाचत.

टीव्ही घेतला त्याच वर्षी चाचा एका संध्याकाळी माझ्याकडे आले आणि उभ्यानंच म्हणाले, "सायेब, नजमाचं टीव्हीवर येतंय. चित्रं चालत्यात, बोलत्यात म्हनं. 'ढगातली शाळा' नाव हाय. तीन रविवार."

मी म्हणालो, "वा! गल्लीला लाडू वाटा."

"लाडू ऱ्हाऊ द्या. पोरगी दमलीया. खोलीत उजेड न्हाय, डोळं दुखत्यात, एकटी हाय. कंपनी म्हनती पुढचं काम घे. ही म्हनती, अब्बा, तुमी लोकांची तोंडं बघा आनि सांगा. चाललं तर काम घेती. पडलं तर कोल्हापूरला येती, हितल्या शाळंत ड्रॉइंगची जागा हाय." मग ते म्हणाले, "तुमच्याकडं मानसं जास्त येत्यात. तवा तुमच्या घरात बघतो."

पहिल्या रविवारी आमच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. हंबीरच्या नजमाचं चित्र! आणि लागलं काय? ढगांची पोरं शाळेत निघालेली. हळूहळू. कुणी कुणाला गंडवत नाही, कुठं मारामारी नाही. एक ढग खिडकीतून बाहेर बघतोय तर बघतोच आहे. दाण्यांचा कडकड आवाज शेवटपर्यंत चालू राहिला. सुमननं तांदूळ निवडायला घेतले. मागच्या रांगेत चपलांची हलवाहलव सुरू झाली. "हंबीरची सर न्हाय," असं म्हणत गल्ली उठली, आणि खरं सांगायचं तर माझंही तेच मत होतं.

बाहेर कट्ट्यावर सगळ्यांनी चाचांना घेरलं. पुढच्या रविवारी यायचं का नाही?

"पयल्या खेळावर मी निकाल देत न्हाय," चाचा म्हणाले. "जुन्या हिरोला शोधाय आलतासा तुमी. त्यो न्हाय म्हनून रुसलासा. पुन्यांदा या."

दुसऱ्या रविवारी निम्मीच गल्ली आली. दाणे चालूच होते, पण जरा मंद. त्या आठवड्यात मी न राहवून चाचांना म्हणालो, "पडलं म्हणून सांगून टाका की. पोरगी घरी येईल. तुम्हालाही कुणीतरी पाहिजेच की चाचा, आता वय झालं."

चाचा असे बघायला लागले की मी जीभ चावली. "सायेब, परक्याच्या सिनेमाला खोटं बोललो न्हाय. आता लेकीसंगं बोलू?"

मग तिसरा रविवार आला. सोप्यात मोजकीच माणसं होती. कार्यक्रम सुरू झाल्यावर दुधाची आक्काताई दारात आली. बावड्याकडून दूध घेऊन येणारी ही बाई. माप घालताना एक थेंब जास्त पडला तर चार दिवस बोलून दाखवणारी, आणि तिला थांबायला कधीच वेळ नसायचा. ती म्हणाली, "वैनी, भांडं." सुमन उठली नाही. आक्काताईनं किटली खाली ठेवली आणि माप हातात धरून चौकटीला टेकून उभी राहिली. सुमनचा हात सुपातच थांबला होता. पोरांच्या मुठीत दाणे तसेच होते.

मी टीव्हीकडे बघणार, तेवढ्यात माझी नजर चाचांवर गेली आणि तिथंच राहिली. त्यामुळे त्या भागात ढगांच्या शाळेत काय झालं, ते मला आजतागायत माहीत नाही. आधी चाचांचा चेहरा उजळला. एकेकाच्या तोंडाकडे बघत ते खुळ्यासारखे हसत होते. मग आक्काताईकडे बघता बघता ते हसू थांबलं. सोपा जसजसा गप्प होत गेला तसतसा हा माणूस बसल्या जागी म्हातारा होत गेला. मला वाटलं, उठून टीव्ही बंद करावा.

त्याच दुपारी नजमाचा फोन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात येणार होता. चाचा मला सोबत घेऊन गेले. बापलेक आपल्या घरच्या हिंदीत बोलत होते, मी आपलं मराठीत सांगतो.

"बेटा, दाणं थांबलं," चाचा ओरडून म्हणाले. फोनवर ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही, असा त्यांचा समज होता. "दूधवाली हुबी ऱ्हायली. दूधवाली! सगळ्या गल्लीचा चहा खोळंबला."

पलीकडून बराच वेळ काहीतरी येत होतं. चाचा ऐकत होते.

"न्हाय. येऊ नको," ते म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत. "काम घे. आनि उजेडाची खोली बघ आधी."

आम्ही परत त्यांच्या घराशी आलो. दारापाशी म्हणाले, "च्या घ्या." मी आत गेलो. चहा ठेवायला ते स्वयंपाकघरात वळले आणि मला मागच्या खोलीचं दार उघडं दिसलं. खोलीला नवा चुना दिला होता. मध्यभागी एक कोरं करकरीत टेबल होतं, शाळेतल्या ड्रॉइंगच्या टेबलासारखं, वरची फळी उतरती. अजून त्याला रंधा मारलेल्या ताज्या लाकडाचा वास येत होता.

"चाचा, हे कधी केलं?"

ते दारात येऊन उभे राहिले. "पयला भाग पडला न्हवं, त्या आठवड्यात. मला वाटलं, आली आता."

अशा वेळी मी हमखास मूर्खासारखं बोलतो. "मग आता ह्याचं काय करणार?"

"काय करनार म्हंजे? दिवाळीला येती म्हनालीया, कामबी संगं आनती म्हनं. चित्रं काय मुंबैतच काढाय लागत्यात व्हय?" खांद्यावरच्या टॉवेलानं त्यांनी फळी पुसली आणि खिडकीकडे बघितलं. "हितं अंधार पडतोय. धरा जरा त्या अंगानं."

मी एक बाजू धरली, त्यांनी दुसरी. टेबल चांगलंच जड होतं. ते आम्ही दोघांनी उचलून खिडकीखाली उजेडात नेऊन ठेवलं.