तेल पाजिलेल्या बॅटींची हकीगत

श्रीमैदानदेवता प्रसन्न. चेंडूस गति आणि मनगटास बळ देणारी जी शक्ति, तिचें स्मरण करोन वृत्तांत लिहिला ऐसा जे : शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं, एका राज्यांत सॉफ्टबॉलची हौशी फौज होती. दर रविवारीं लढावें, हरावें आणि मिसळ खाऊन सुखानें घरीं यावें, ऐसा तिचा क्रम. फौजेच्या सरनौबत मंदाकिनीबाई रणपिसे, आणि त्यांचे सासरे अच्युतराव तेही फौजेंत. अच्युतराव पूर्वीं क्रिकेटांत नामांकित. परंतु वय सत्तरीस आलें आणि कैक महिने त्यांची बॅट चेंडूस लागली नव्हती. मग त्यांणीं घरांत जाहीर केलें कीं, "सूनबाई, या रविवारी चेंडू लागला नाही तर मी मैदान सोडलं. मग मी आणि माझी आरामखुर्ची." हें ऐकोन बाईंचें काळीज हललें. कारण सासरे-सुनेचें बोलणें काय तें मैदानाच्या वाटेवर होत असे. घरांत दोघेंही मुखदुर्बळ. आरामखुर्ची जिंकली तर ती वाट बंद पडणार, हें त्यांस पक्कें ठाऊक.

जुन्या बॅटींस पोचे आले होते, म्हणोन वर्गणी जमली आणि सारी फौज बाजारपेठेंत दुकानावर चालोन गेली. तेथें अल्युमिनियमच्या बॅटी उभ्या होत्या, रंग ऐसे कीं नवरदेवाचा फेटा फिका पडावा. बाईंनीं हुकूम फर्माविला कीं, रंगास भुलूं नये. बॅट एका हातानें आडवी धरावी, आणि हात खालीं आला तर ठेवोन द्यावी. मग एकेकानें धरिली आणि आपापल्या बळाची घेतली. अच्युतरावांनीं मात्र सर्वांत जड ती उचलिली आणि हातासंगें मिशाही थरथरूं लागल्या.

"मामंजी, हात कापतोय तुमचा."

"कापत नाही, वजन जोखतोय."

भर दुकानांत थोरल्या माणसाचा मान कैसा मोडावा? बाईंनीं जड बॅट त्यांस दिली आणि एक हलकी निळी मुकाट्यानें पिशवींत टाकिली. "ही कोणाला?" अच्युतरावांनीं पुसिलें. "असू द्या जादा." "पोरखेळ नुसता!" ऐसें बोलोन अच्युतराव निघाले.

आतां नव्या बॅटीस जवसाचें तेल पाजावें हा क्रिकेटचा जुना रिवाज. लाकडास तो मानवतो. तेल फळीस लावावें, मुठीस लावूं नये, हेंही अच्युतरावांस ठाऊक. परंतु येथें फळीच नाहीं, सारें गोल. फळी कोठें सरली आणि मूठ कोठें लागली याचा निवाडा होईना, म्हणोन त्यांणीं शनिवारीं बसोन प्रत्येक बॅट शेंड्यापासोन बुडापर्यंत मनसोक्त चोळिली. निळीस तेवढा हात लाविला नाहीं.

रविवारीं रण माजलें. पहिल्या गड्याची बॅट हातांतून निसटली ती शत्रूच्या सरबताच्या पातेल्यांत, आणि दुसऱ्याची पंचांच्या पायाशीं. पंच कोपले आणि तेलकट बॅटी मैदानाबाहेर काढविल्या. मग निळी एकटी उरली आणि साऱ्या फौजेनें तिजवरच भागविलें. अखेरच्या डावांत अच्युतरावांची पाळी आली, तेव्हां फौज इतकी मागें होती कीं जिंकण्याची चिंता कोणास नव्हती. चिंता एकट्या बाईंस. त्यांणीं निळी पुढें केली.

"मामंजी, तेल तुम्ही लावलंत, आता शिक्षाही तुम्हीच भोगा."

अच्युतराव ओशाळोन हंसले आणि बॅट घेते जाहले. दोन चेंडू हुकले. तिसरा आला आणि टणत्कार ऐसा उठला कीं झाडावरचे कावळे उडाले, आणि चेंडू गड्यांच्या डोक्यांवरून पार गेला. अच्युतराव तेथेंच उभे राहोन पाहत राहिले.

"मामंजी, पळा!" बाई ओरडल्या. मग ते पळाले. परंतु सॉफ्टबॉलांत बॅट टाकोन पळावें, आणि यांची मात्र क्रिकेटच्या खोडीनें हातांतच.

"टाका ती बॅट!"

"टाकत नाही! माझी आहे ही!"

ऐसें गर्जोन त्यांणीं पहिला तळ, ज्यास बेस म्हणती, तो गांठिला, आणि बाईंचे डोळे भरोन आले. फौज रीतीप्रमाणें हरली आणि मिसळीवर बसली. परततांना वाटभर अच्युतराव बोलत होते, बॅट खांद्यावर, आणि बाई ऐकत होत्या.

सारांश, जवसाचें तेल कुलपांत गेलें, निळी अच्युतरावांच्या उशाशीं राहिली, आणि आरामखुर्चीवर हल्लीं मोजे वाळत असतात. जैसें घडलें तैसें लिहिलें. वाचणारांचें कल्याण असो.