सासूबाईंच्या अंगठ्यांचा व्यायाम

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारी लिहून घेणाऱ्या माणसाला दिवसभर लोकांचं वाटेल ते ऐकावं लागतं आणि वर शांतपणे "नोंद घेतली आहे" असं म्हणावं लागतं. आमच्या गोष्टीतले गृहस्थ हे वाक्य बावीस वर्षं म्हणत होते, म्हणून सगळे त्यांना नोंदसाहेबच म्हणत. अशा माणसाला कोणाच्या तरी नाकावर एक ठोसा लगावावासा वाटला, तर त्यात त्याची काही चूक नाही.

ती सोय त्यांना एका सहकाऱ्याच्या घरी टीव्हीवर दिसली. मारामारीचा गेम होता. खेळणारा स्वतः दिसत नाही. समोर फक्त आपल्याच दोन मुठी आणि एकामागून एक अंगावर येणारे गुंड. घरचा टीव्ही सासूबाईंच्या ताब्यात असल्यामुळे (घरातलं बाकी सगळंही त्यांच्याच ताब्यात होतं) नोंदसाहेबांनी तो विचार सोडून दिला. पण तोच गेम आता हातात धरायच्या छोट्या यंत्रावर आलाय असं कळलं आणि त्यांना राहवेना.

यंत्र घरात आणायला निमित्त हवं होतं, तेही मिळालं. सासूबाईंच्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं आणि अंगठे आखडले होते. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. "मी काय मांजर आहे?" म्हणत त्यांनी तो परत केला.

"यात बटणं असतात, आई. अंगठे आपोआप हलतात," यंत्र पुढे करत नोंदसाहेब म्हणाले.

"गेम कसला आहे?" बायकोने विचारलं.

"बागकामाचा." (खोटं बोलायची सवय नसली की माणूस भलतंच बोलून जातो.)

सासूबाईंनी चष्मा लावला. पडद्यावर रक्ताने माखलेल्या दोन मुठी होत्या आणि एक टकल्या दात थुंकत होता.

"जावईबापू, हे बागकाम?"

"तण काढायचं असतं," नोंदसाहेब जमिनीकडे बघत म्हणाले.

सासूबाईंनी टकल्याला नीट न्याहाळलं. "तण माजलंय खरं," त्या म्हणाल्या आणि त्याला आडवा केला.

त्या दिवसापासून यंत्र त्यांच्या हातून सुटेना. एक गुंड त्यांना शाळा तपासायला येणाऱ्या जुन्या साहेबांसारखा दिसला, तर त्याला बडवायला त्या खेळात तीनदा मागे गेल्या. तक्रार एकच होती. "सहा जण एकदम आले की हे अडखळतं. तुमच्या ऑफिससारखं. गर्दी झाली की ठप्प." अंगठे मात्र भराभर सुधारत होते. पलीकडच्या घरात राहणाऱ्या नर्सबाईंना पातळ भिंतीतून रोज ऐकू येई, "उठतोस कशाला मेल्या, घे अजून एक," आणि मधूनच, "जावईबापू, गप्प बसा तिकडे."

दोन आठवडे झाले, नोंदसाहेबांची पाळी काही येईना. शेवटी शनिवारी मायलेकी फिजिओथेरपीला निघाल्या, तेव्हा त्यांनी डोकं दुखतंय असं सांगितलं आणि घरीच थांबले. दार लागताच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून त्यांनी स्वतःच्या नावाने नवा खेळ सुरू केला. पडद्यावरचं दार उघडून दरवाजाएवढाच एक धिप्पाड माणूस बाहेर आला आणि त्याने उजवा हात थेट त्यांच्याकडे आणला. नोंदसाहेब झटकन वाकले. खाली वाकायला एक बटण होतं. ते न दाबता अख्खे नोंदसाहेबच वाकले आणि उघड्या खणाच्या मुठीवर त्यांचा डावा डोळा आपटला.

बोंब ऐकून नर्सबाई धावत आल्या. डोळा टरारून सुजला होता.

"कोणी मारलं?"

"कोणी नाही. मी वाकलो."

"कोणापुढे?"

नोंदसाहेबांनी खाली पडलेलं यंत्र पायानेच टेबलाखाली सारलं. नर्सबाईंनी फडक्यात बर्फ बांधून दिला आणि समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, "संकोच करू नका. पुरुषांच्या वाट्यालाही येतं हे. मी सगळं ऐकते भिंतीतून."

तेवढ्यात मायलेकी परतल्या. नर्सबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "या वयात जावयावर हात टाकता?"

सासूबाईंनी जावयाच्या डोळ्याकडे शांतपणे पाहिलं. "मी टाकला असता तर दोन्ही डोळे काळे झाले असते."

याने प्रकरण निवळायच्या ऐवजी पेटलं. नर्सबाईंनी फोन काढला. "मला पोलिसांना कळवणं भाग आहे," त्या म्हणाल्या. बायकोचा चेहरा पडला. नोंदसाहेबांनी बर्फाआडून एका डोळ्याने तिघींकडे पाहिलं आणि अखेर टेबलाखाली पडलेलं यंत्र उचलून आणलं. बागकामापासून डोकेदुखीपर्यंतच्या सगळ्या थापा त्यांनी ओळीने कबूल केल्या.

"म्हणजे यातल्या माणसाचा ठोसा चुकवताना डोळा सुजला?" नर्सबाईंनी विचारलं.

"तुम्ही बघा तर खरं, केवढा राक्षस आहे तो," नोंदसाहेब म्हणाले.

पडद्यावर तो धिप्पाड माणूस अजून तसाच, हात लांब करून उभा होता. नर्सबाई वाकून बघू लागल्या. सासूबाईंनी चष्मा पुसून खालच्या ओळी वाचल्या.

"हा गुंड नाही, जावईबापू. हा इथला मास्तर. खेळायचं कसं ते शिकवतो. कोणालाच मारत नाही."

"मग माझ्यावर हात का उगारला?"

"उगारला नाही. ओळख करून घ्यायला पुढे केलाय. केव्हाचा वाट बघतोय बिचारा, तुम्ही हात मिळवाल म्हणून."