आजोबा काही रस्ता ओलांडेनात

"बाबा, आज संध्याकाळी गाडीची किल्ली माझ्या खिशात असेल, बघाच!" जावयाने सकाळीच जाहीर करून टाकलं.

घरात नवी गाडी येऊन महिना झाला होता आणि किल्ली अजून सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशात होती. त्यांचं म्हणणं एकच, "जावईबापू माणूस सोन्यासारखा, पण गाडी चालवताना लक्ष भलतीकडे!" आणि हेच जावईबापू पोटापाण्यासाठी काय करत? तर ड्रायव्हरचं लक्ष भलतीकडे गेलं की लाल दिवा लावून 'टूंऽ टूंऽ' ओरडणारं यंत्र बनवत! आज कंपनीच्या मोठ्या मॅडम ते मंजूर करायला येणार होत्या. चाचणीला एक वयस्कर ड्रायव्हर हवा होता. बाबांनाच बसवू, यंत्र बघून ते खूश होतील, किल्ली देतील. एका दगडात दोन पक्षी!

ऑफिसात सिम्युलेटर होता. गाडीचा पुढचा अर्धा भाग जमिनीला पक्का ठोकलेला आणि समोर भिंतभर पडद्यावर रस्ता. इथे कुणाला उडवलं तरी कुणाला खरचटत नाही.

सासरे बसले. पट्टा लावला. आरसे नीट केले. मागे नुसती भिंत होती, तरी केले.

पडद्यावर काठी टेकत एक आजोबा आले. गाडी अगदी जवळ आली की ते रस्त्यात उतरणार, सासऱ्यांना ते उशिरा दिसणार आणि यंत्र वाजणार, असा बेत होता. पण सासऱ्यांनी लांबूनच गाडी थांबवली.

"या, आजोबा!" त्यांनी हात केला.

आजोबा ढिम्म! गाडी जवळ आल्याशिवाय हलायचं नाही, असं जावयानेच त्यांना शिकवलं होतं.

"बाबा, पुढे घ्या ना."

"म्हातारा माणूस आहे. आधी त्यांना जाऊ दे."

"ते जाणार नाहीत हो!"

"का? पाय दुखतात का त्यांचे?"

जावयाने घाईघाईने आजोबा हटवून चेंडू सोडला. "चेंडूमागे मूल येतंच," म्हणत सासरे पुन्हा थांबले. मग ट्रक आणला. त्याच्यामागे त्यांनी इतकं अंतर ठेवलं की ट्रक दिसेनासा झाला!

"वाजतं तरी का हे?" मॅडमनी जांभई दाबत विचारलं.

जावयाचा धीर सुटला. "उतरा बाबा, मी दाखवतो!"

त्याने गाडी सुसाट सोडली. मोबाइल पाहिला, मान वळवून मॅडमशी गप्पा मारल्या, सिग्नल तोडला. टूंऽ! लाल दिवा! टूंऽ टूंऽ! आजोबा वाचले, चेंडूमागची मुलगी वाचली, ट्रकही वाचला. दर वेळी यंत्राने ओरडून त्याला ब्रेक दाबायला लावला.

"मंजूर!" मॅडम खूश झाल्या. "पण इतकं बेफिकीर चालवायचं नाटक कसं जमलं हो तुम्हाला?"

"नाटक कसलं, मॅडम? मी असंच चालवतो!" आनंदाच्या भरात तो बोलून गेला.

मागे सासरे उभे होते. यंत्रावर खूश होऊन त्यांनी किल्ली अर्धी बाहेर काढली होती. ती त्यांनी परत आत टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

घरी जाताना गाडी अर्थातच सासऱ्यांकडे. वाटेत फुटपाथवर एक खरेखुरे आजोबा दिसले. गाडी थांबली.

"या, आजोबा!"

आजोबा ढिम्म! मागे हॉर्नचा कल्लोळ. जावयाने काच खाली केली. "आजोबा, ओलांडा ना एकदाचा रस्ता!"

"मी मुलाची वाट बघतोय."

"मग थांबू या," सासरे शांतपणे म्हणाले. "तोही ओलांडेलच की!"