नथीखालची मिशी

कल्याणच्या बाईंचा घसा बसला, हा निरोप दुपारी मेडिकलवाल्याच्या फोनवर आला आणि नाट्यमंडळाच्या धर्मराजने मांडवाच्या खांबाला टेकून खालीच बसकण मारली.

बदलापूर गावाची जत्रा होती. बावीस वर्षांनी गावच्या नाट्यमंडळाने आपलं जुनं, गाजलेलं, लोकांना हसवून हसवून आडवं करणारं ‘संगीत पदरवाले’ पुन्हा उभं केलं होतं. गोष्ट साधी. एका बुडीत नाटक कंपनीतले तीन स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांची कामं करणारे पुरुष, एका गावात अडकतात, आणि गावचा पाटील त्यांना खऱ्या बाया समजून त्यांची लग्नं जमवायला घेतो. नाटकात खरी बाई एकच, पाटलाची मुलगी. या वेळी ती खऱ्याखुऱ्या नटीने करावी, अशी धर्मराजची हौस. त्याने अंबरनाथ स्टेशनपर्यंतच्या भिंती रंगवून घेतल्या होत्या: ‘प्रमुख भूमिकेत खरी नटी’. त्यातला ‘खरी’ तांबड्या रंगात होता. आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. आता ती खरी नटी कल्याणला मिठाच्या गुळण्या करत बसली होती.

“सदू,” धर्मराज म्हणाला, “आता तूच रे बाबा.”

“मी? मी प्रॉम्टर हाय.”

“मंग सगला पाठ कोणाला हाय? आणि तवा हा पार्ट कोणी केलावता?”

सदूच्या काळजात धस्स झालं आणि त्याच क्षणी गुदगुल्याही झाल्या. बावीस वर्षांपूर्वी पाटलाची मुलगी त्यानेच केली होती. एकेका गाण्याला तीन तीन वन्स मोअर. पण तेव्हा नुकतंच लग्न झालेलं, आणि दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं धुताना बायका त्याच्या नव्या नवरीला, कौसाबाईला म्हणाल्या, “तुजा नवरा तुज्यापेक्षा झ्याक लाजतो गो!” कौसाबाई धुणं तिथेच टाकून घरी आली. आपल्या डोक्यावर हात ठेवायला लावून नवऱ्याकडून तिने शपथ घेतली, की पुन्हा साडी नेसणार नाही. सदूने शपथ घेतली, आणि खात्रीसाठी झुपकेदार मिशीही वाढवली. तेव्हापासून तो अंबरनाथच्या कारखान्यात मशीन चालवायचा आणि जत्रेच्या नाटकात विंगेत उभा राहून दुसऱ्यांची वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणायचा. आत कुठेतरी ती पाटलाची मुलगी रोज वेणीफणी करून तयार बसलेली असायची, हे त्या बिचाऱ्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

“शपथ हाय रे,” तो म्हणाला.

“वैनीला कोण सांगतंय? तिना ह्या नाटकाचा तोंड बघणार नाय असा सगल्या गावाला सांगून ठेवलाय. आणि बाहेरच्यांना तरी कशाला सांगायचा? रंग लावला की तूच खरी नटी.”

सदूने अर्धं मिनिट विचार केल्यासारखं दाखवलं आणि न्हाव्याकडे गेला.

मिशी गेली. प्रश्न उरला साडीचा. तिघा पदरवाल्यांची लुगडी नि केसांचे टोप उल्हासनगर कॅम्प पाचच्या टेकचंदने भाड्याने दिले होते, त्यात एक टोप जास्तीचा होता. नटी स्वतःचा शालू आणणार होती, आणि शालू नटीबरोबरच कल्याणला राहिला होता. कौसाबाई गिरणीत दळण आणायला गेलेली पाहून सदू घरात शिरला. ट्रंकेतून त्याने तिचा लग्नातला शालू काढला, नथ काढली, गाठोडं केलं. खेळ संपला की घडी घालून जिथल्या तिथे, असा त्याचा हिशेब. पकडलो गेलो तर मात्र घरात आपल्याला जागा नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

फाटकातच शेजारची भिकी आडवी आली. तिने गाठोडं पाहिलं, आणि मग वरचा ओठ पाहिला.

“सदूभाऊ! मिशी?”

सदूने गाठोडं छातीशी धरलं. “नंतर सांगतो, भिके,” एवढंच कसंबसं म्हणून, मान खाली घालून तो पळत सुटला.

आता आपल्याकडे मिशी कधी जाते हे काय सांगायला हवं? बाप गेला की. भिकीने छाती बडवून जो हंबरडा फोडला, तो तीन आळ्यांना ऐकू गेला. कौसाबाई डोक्यावर पिठाचा डबा घेऊन येते, तो अंगणात बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या.

“काय झाला गो?”

“तुजा सासरा गेला गो, कौसे! देवमाणूस व्हता!”

“आरं देवा! सकाली तर माझ्याशी सुकटीवरून भांडलावता!” कौसाबाईने डबा तिथेच ठेवला आणि रडत रडत मांजर्लीची वाट धरली. सासरा, हरिचंद्र, तिथे धाकट्या मुलाकडे राहायचा आणि रोज सकाळी इकडे चहाला यायचा. मागे बायकांची रांग. वाटेत भेटेल तो माणूस रांगेत सामील होत होता. ही मंडळी मांजर्लीच्या वळणावर पोचली, तर समोरून हरिचंद्र येतोय: धुतलेलं धोतर, कडक टोपी, तोंडात पान.

रांग जागच्या जागी थिजली. भिकी तर कौसाबाईच्या मागे लपली.

“रडतंस कं गो?” म्हाताऱ्याने सुनेला विचारलं. “नाटक रद्द झाला कं?”

“मामंजी... तुमी बरे हाव ना?”

“मना काय झालाय?”

भिकीने घाबरत घाबरत मिशीची हकिगत सांगितली. हरिचंद्रचा चेहरा तांबडा झाला. “मी जिता हाय, आनि सद्याना मिशी काढली? कोणासाठी?”

सगळ्यांच्या मनात तोच प्रश्न. शेवटी भिकीनेच तोंड उघडलं. “आज ती खरी नटी येणार हाय ना... मिशी काढली म्हंजे माणूस जरा जवान दिसतो.”

कौसाबाईचे अश्रू तिथल्या तिथे वाळले. ती वळली, घरी आली, आणि तिने ट्रंक उघडली. शालू नव्हता. नथ नव्हती. सदू गाठोडं घेऊन पळाल्याचं भिकीने सांगितलंच होतं. दोन अधिक दोन करायला शाळेत जावं लागत नाही.

“चला मामंजी,” तिने पदर कमरेला खोचला. “नाटक बगू.”

दिवेलागणीला मांडव गच्च भरला. अंबरनाथचे कारखान्यातले गडी, वांगणीकडच्या पाड्यांवरची माणसं, आणि पहिल्याच रांगेत आपल्या लुगड्यांवर डोळा ठेवून बसलेला टेकचंद. त्याच्या शेजारी प्रमुख पाहुणे दौलतराव. हे अंबरनाथचे. चाळीस वर्षं संगीत नाटकं पाहण्यापलीकडे त्यांनी काही केलं नव्हतं, आणि तेवढ्यावर त्यांचा मोठा मान होता. उत्कृष्ट स्त्रीपार्टाला द्यायला त्यांनी खिशात चांदीचं पदक आणलं होतं.

पडदा उघडला आणि तिघे पदरवाले आले. एकाचे दंड पैलवानासारखे, दुसऱ्याला लुगडं गुडघ्यापर्यंतच पुरत होतं, तिसऱ्याने विडी ओठांत तशीच ठेवलेली. मांडव जो हसायला लागला तो थांबेचना. पोरं शिट्ट्या मारत होती, म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. “देख देख, मेरी साडी में बीडी पी रहा है!” टेकचंद ओरडला, आणि स्वतःच पोट धरून हसू लागला. पहिल्याच गाण्याला वन्स मोअर मिळाला. विंगेत सदू तिघांचीही वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणत होता, आणि इतका आनंद त्याला बावीस वर्षांत झाला नव्हता.

मग पाटलाची मुलगी आली, आणि मांडव चिडीचूप झाला.

काय ती चाल! काय ते पदराचं टोक दोन बोटांत धरणं! बायकांच्या बाजूने सुस्कारे आले. “ही खरी हो!” कुणीतरी म्हणालं. “खरी ती खरीच.” गाणं सुरू झालं. भांडायला आलेली कौसाबाईसुद्धा क्षणभर सगळं विसरली. “मेली देखणी हाय पण,” ती पुटपुटली. तेवढ्यात नटीने गिरकी घेतली, उजेड पदरावर पडला, आणि जरीच्या काठाजवळ लग्नात सांडलेल्या हळदीचा डाग कौसाबाईला लखलखीत दिसला.

ती उठली.

“बस गो,” हरिचंद्र म्हणाला, “गाणा चालू हाय.”

कौसाबाई माणसं तुडवत सरळ रंगमंचावर चढली आणि तिने शालूचा पदर धरला. “सोड माझा शालू! आणि माझा नवरा कुठं लपवलास, सांग!”

मांडव हसून कोसळला. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. चौथी पदरवाली आली! पाटील झालेला धर्मराज मिशा सावरत मागे मागे सरकत पडद्याला जाऊन भिडला. पेटीवाल्याला काही सुचेना, म्हणून तो वाजवतच राहिला. कौसाबाईने नटीचा अंबाडा धरून हिसडा दिला, आणि अख्खा टोप तिच्या हातात आला. खाली सदूचं विरळ केसांचं, तेल लावलेलं डोकं चमकलं.

“तुमी?” कौसाबाई म्हणाली.

“मीच गो,” सदू नथीखालून बोलला.

“म्हंजे बाई नाय?”

“बाईचा घसा बसलाय. कल्याणला.”

कौसाबाईच्या जिवावरचं ओझं असं काही उतरलं, की तिला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. मग तिला शपथ आठवली. “माझ्या डोक्यावर हात ठेवून काय बोललावतात? कुठं गेली शपथ?” ती कडाडली.

एव्हाना गावच्या बायकांना काय चाललंय ते कळलं होतं. त्यांच्या अंगात आलं. नवरा-बायको चार माणसांत एकमेकांसमोर उभे राहिले की नाव घेतल्याशिवाय सुटका नसते, मग ते भांडायला का उभे असेनात. भिकी सगळ्यांत आधी ओरडली, “नाव घे, कौसे! आधी नाव घे, मंग भांड!” आणि अर्धा मांडव टाळ्यांच्या ठेक्यावर सुरू झाला: “नाव घे! नाव घे!”

कौसाबाई चारी बाजूंनी पाहू लागली. हातात टोप, समोर नथ घातलेला नवरा. तिने टोप उंच धरला आणि खणखणीत आवाजात म्हटलं:

“माझा शालू, माझी नथ, गालाला फासला रंग,
सदूरावांचं नाव घेते, आता घरी चला माझ्यासंग!”

मांडव उडाला की काय असा गजर झाला. टोप्या वर गेल्या. सदूला काय झालं कुणास ठाऊक, बावीस वर्षं विंगेत दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. त्याने पदर सावरला, मुरका मारला आणि गाण्याच्या चालीवर उत्तर दिलं:

“नेसलो तुझा शालू, घातली तुझी नथ,
कौसाचं नाव घेतो, मोडली तुझी शपथ!”

“वन्स मोअर!” दौलतराव खुर्चीवर उभे राहून ओरडले. “वन्स मोअर!” तबलजीने ठेका धरला. पुन्हा झालं. तिसऱ्यांदा झालं, तेव्हा कौसाबाईने मुरका मारून दाखवला. पुढच्या रांगेतून हरिचंद्र काठी उगारून ओरडत होता, “सद्या, मी जिता हाय रे! मिशी वाढव!” आणि दर वेळी लोक पुन्हा नव्याने हसत होते.

खेळ संपल्यावर दौलतराव पदक घेऊन माईकसमोर आले. मांडव शांत झाला.

“मंडळाने खरी नटी म्हणून आम्हाला फसवलं, ते मी माफ करतो,” ते म्हणाले. “सदूने काम उत्तम केलं. पण पदक त्याला नाही. पदक आहे प्रेक्षकांतून वर आलेल्या त्या कलाकाराला! चाळीस वर्षं स्त्रीपार्टी बघतोय मी, माझा डोळा फसत नाही. पहिल्या पावलालाच ओळखलं, हा गडी आहे. ते खांदे, तो आवाज! पण पदर खोचणं काय, नाव घेणं काय! अहो, खऱ्या बाईलासुद्धा इतकं हुबेहूब जमायचं नाही. ये बाळा, पुढे ये. टोप काढ, लोकांना तोंड दाखव.”

सगळा गाव श्वास रोखून बसला. सदूने डोळे मिटले. धर्मराजच्या कपाळावरचा रंग ओघळू लागला. कौसाबाईने दौलतरावांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या चांदीच्या पदकाकडे पाहिलं. तिने डोक्यावरचा पदर घट्ट ओढून घेतला आणि आवाज जाड करून म्हणाली, “टोप चिकटवलाय, सायेब. निगत नाय.”

पदक घेऊन दोघं घराकडे निघाले. सदू अजून शालूतच होता.

“तवा पण चांगला गायलावतात,” कौसाबाई अचानक म्हणाली.

“मंग शपथ कशाला घातलीस गो?”

“तुमी माझ्यापेक्षा देखणे दिसलावतात. मी नवी नवरी, मना कोण बघणार?”

सदूला भरून आलं. त्याने शालूचा पदर नीट करून खांद्यावर घेतला. इतक्यात मागून टेकचंद धापा टाकत आला. “साईं, अगले हफ्ते कॅम्प पाँच में शो पक्का! पर एक शर्त है. वो लास्ट वाला आदमी मंगता है, जो लेडीज बनके आया था. क्या ॲक्टर है!”

टेकचंद गेला. सदूचा हात नकळत मिशी गेलेल्या ओठावर गेला. “उद्यापासून वाढवायला घेतो,” तो म्हणाला. “बाबा लय तापलेत.”

“कॅम्प पाचचा खेळ हाय ना? तेरा दिवस तरी काय वाढवायची नाय,” कौसाबाईने पदक पदराला पुसलं. “मामंजीनला मी समजावते.”