तिसऱ्या वळणावरचा आचका

एका जंगलात झाडांपेक्षा जाणकार जास्त होते. त्या जंगलात मुकुंदराव नावाचे एक साळिंदर राहत होते.

मुलांनो, साळिंदराच्या अंगावर काटे असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. मुकुंदरावांच्या काट्यांना तारेचे तुकडे, चिकटपट्टीचं भेंडोळं आणि एक बारका स्क्रूड्रायव्हर अडकवलेला असे. हाताशी बरं पडतं, असं ते म्हणत. त्यांच्या बायकोचं नाव कुमुद. तिच्या काट्यांना काही अडकवलेलं नसे. जवळ बसायची सोय म्हणून ती ते मिटून ठेवी.

मुकुंदरावांकडे एक गाडी होती. पिवळी, बुटकी, वाऱ्यासारखी पळणारी, दोनच सीटची. एका सिंहाने तरुणपणी हौसेने घेतली होती. पुढे त्याचं पोट सुटलं आणि तो दारातून आत शिरेना, म्हणून त्याने ती काढून टाकली. जंगलात पेट्रोल कुठून येत असे, हे विचारू नका. सगळ्यांकडे येतं तिथूनच येत असे.

गाडी चांगली चालत होती. हीच तर अडचण होती. चांगल्या चालणाऱ्या गाडीचं रविवारी करायचं काय?

इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं हे त्या गाडीत एक जुना कार्ब्युरेटर ठरवत असे. तो फारसा विचार करत नसे. अंदाजाने देई, आणि गाडी पळे. मुकुंदरावांना हे अडाणीपणाचं वाटलं. त्यांनी कार्ब्युरेटर काढून माळ्यावर टाकला आणि घरीच एक डबा बनवला. मूळचा तो कुमुदचा शंकरपाळ्यांचा डबा. इंजिन किती जोरात फिरतंय, किती तापलंय, हवा किती ओढतंय, याच्या खबरी तारांमधून डब्याकडे येत. डबा आपल्या पोटातला तक्ता बघे आणि हुकूम सोडी. आता इतकं पेट्रोल, आता ठिणगी. तक्त्यात सोळा ओळी, दर ओळीत सोळा घरं, आणि दर घरात एक आकडा. दोनशे छप्पन्न आकडे. ते भरायचे मुकुंदरावांनी.

कुमुदचं माहेर खिंडीपलीकडे, घाटाखाली, खाडीकाठच्या रानात होतं. तिथे तिची आई एकटीच राही. म्हातारी थकली होती.

"या गाडीतून तुला माहेरी नेतो," मुकुंदराव म्हणाले. "डबा एकदा नीट बसला की पहिली लांबची धाव तुझ्या आईकडे."

कुमुदने त्याच दिवशी आईला निरोप धाडला. आम्ही गाडीने येतोय. तेव्हापासून म्हातारी दारात बसू लागली.

आता मुलांनो, आकडे भरणं हे एकट्याचं काम नाही. चालवणाऱ्याने रस्ता बघायचा की आकडे? म्हणून मुकुंदरावांनी, पेट्रोलमागे हवा किती जातेय तो आकडा दाखवणारा, डब्याचा लहानसा पडदा डाव्या सीटसमोर बसवला. तिथे कुमुद बसे. मांडीवर दोनशे पानी वही. गाडी घर सोडून घाट चढू लागली की मुकुंदराव विचारत आणि कुमुद वाचत वाचत लिहून घेई.

"आकडा?"

"तेरा पॉइंट सहा."

"आता?"

"तेरा पॉइंट नऊ. अहो, काय पळस फुललाय बघा त्या..."

"पळस राहू दे. आकडा."

"चौदा."

सगळं ठीक चाले. पहिलं वळण जाई, दुसरं जाई. तिसरं वळण उजवीकडे होतं आणि अंगावर येणारं होतं. तिथे गाडी डावीकडे कलली की एक आचका देई. खोकल्यासारखा. दोघांच्या माना एकदम पुढे हलत, जणू कोणी काही विचारलंय आणि दोघं हो म्हणतायत.

मुकुंदराव लगेच गाडी माघारी वळवत. खिंड तिथून दोन वळणं पुढे होती. पण आचक्यासकट खिंड ओलांडायची नाही, असा त्यांचा बाणा होता. घरी येऊन ते वही उघडत आणि तक्त्यातला एखादा आकडा बदलत. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढण, पुन्हा वही, पुन्हा आचका.

जंगलात एक वेगवान वनचर मंडळ होतं. दर रविवारी ते जांभळाखाली जमे. गाड्या लांब उभ्या करून सभासद एकमेकांना आलेख दाखवत. अध्यक्ष भाऊसाहेब वानर होते. त्यांच्याकडे गाडी नव्हती. मत होतं.

"ओळ अकरा, घर सात," भाऊसाहेब म्हणाले. "तिथे पेट्रोल कमी पडतंय तुमचं."

"कमी कसलं, जास्त होतंय," रानडुक्कर म्हणालं. "माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं."

"मेव्हण्याचं पुढे काय झालं?" मुकुंदरावांनी विचारलं.

"त्याने गाडी विकली. मग नाही झालं."

मुकुंदरावांनी एक आठवडा पेट्रोल वाढवलं आणि एक आठवडा कमी केलं. आचक्याला दोन्ही सारखंच.

असं एक वर्ष गेलं. मग दुसरं गेलं. चौथ्या वर्षी एकदा जेवताना कुमुद म्हणाली, "अहो, परवा तुम्ही एकटेच खिंडीत अस्वलाकडे गेला होतात ना, मध आणायला?"

"हो."

"तेव्हा आला होता का आचका?"

मुकुंदरावांचा घास हातातच राहिला. "नाही आला वाटतं."

"आणि त्याच्या आधी गेलात तेव्हा?"

"तेव्हाही नाही. पण त्या धावा धरता येत नाहीत, कुमुद."

"का?"

"नोंद कुठे आहे? तू नव्हतीस. आकडे कोणी लिहिले? नोंद नाही म्हणजे धाव झालीच नाही."

"पण मध आला घरात."

"मध वेगळा."

कुमुदने थोडा वेळ मध आणि भाकरी खाल्ली. मग म्हणाली, "मी बसते म्हणून तर होत नसेल?"

"छे. तुझं वजन तक्त्यात धरलंय मी," मुकुंदराव म्हणाले. "तू नको काळजी करू."

हे त्यांनी मायेने म्हटलं होतं. मुलांनो, हे विसरू नका. त्यांचा तिच्यावर जीव होता. तो कुठल्या घरात लिहावा हे तेवढं त्यांना माहीत नव्हतं.

"मग मी गव्याच्या बसने जाऊन येऊ का?" कुमुदने विचारलं. "आई फार वाट बघतेय."

"बसने? आता? अगं, एका आचक्यावर काम आलंय. घरात गाडी असून बायको बसने गेली, तर मंडळात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"बरं. आईला कळवते, एका आचक्यावर आलोय म्हणून."

त्या वर्षी थंडीत कुमुद आजारी पडली आणि आठ दिवसांत गेली. जंगलात या गोष्टी पटकन होतात. वेगवान वनचर मंडळाने दोन मिनिटं मौन पाळलं. तिसऱ्या मिनिटाला रानडुकराने हळूच विचारलं, "आता आकडे कोण लिहिणार?"

मुकुंदराव दोन महिने गाडीकडे फिरकले नाहीत. मग घरात करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून त्यांनी डब्यात एक चिप बसवली. आता आकडे आपोआप साठत. डाव्या सीटवर कोणी लागत नसे.

ते एकटे घाट चढले. तिसऱ्या वळणावर त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. आचका आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बारा वेळा गेले, बारा वेळा नाही. आणि या वेळी नोंद होती. आलेखाची रेघ उन्हाळ्यातल्या तळ्यासारखी सपाट होती.

भाऊसाहेबांनी तो आलेख हातात घेतला आणि सगळ्यांसमोर उंच धरला. "बघितलंत? मी पहिल्यापासून सांगत होतो. ओळ अकरा, घर सात." येत्या रविवारी मुकुंदरावांचा जाहीर सत्कार करायचं ठरलं.

सत्काराच्या आधी मुकुंदरावांना एक काम उरकायचं होतं. कुमुदची एक लोखंडी पेटी होती. तीत तिची लुगडी होती, आईसाठी विणलेली शाल होती, आणि वर त्यांनी तिच्या हातच्या चौदा वह्या ठेवल्या. म्हातारीला लेकीचं अक्षर तरी दिसेल, असा विचार केला. पेटी जड झाली. ती त्यांनी डाव्या सीटवर ठेवली आणि निघाले.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर गाडी डावीकडे कलली आणि तिने आचका दिला.

मुकुंदरावांनी गाडी कडेला घेतली. मग त्यांनी पेटी उतरवली आणि चार वर्षांत पहिल्यांदाच खाली वाकून सीटखाली बघितलं.

तिथून एक तार गेली होती. इंजिन किती जोरात फिरतंय याची खबर डब्याला देणारी. त्यांनीच ती सीटखालून नेली होती, जवळचा रस्ता म्हणून. सीटवर कोणी बसलं आणि गाडी त्या अंगाला कलली, की सीटची स्प्रिंग तारेवर दाबे. वरचं रबर घासून गेलं होतं. आत तांबं चकाकत होतं. तार दबली की खबर तुटे, खबर तुटली की डबा गोंधळे.

त्यांनी काट्यावरची चिकटपट्टी काढून तारेला गुंडाळली आणि तार दोन बोटं बाजूला सरकवली. पाच मिनिटं लागली. मग ते रस्त्याच्या कडेला, मातीत बसले.

मागून गव्याची बस वर आली. गव्याने वेग कमी करून विचारलं, "काय मुकुंदराव, बंद पडली?"

"नाही," मुकुंदराव म्हणाले. "चालू झाली."

उतरत्या उन्हाला ते खाडीकाठी पोचले. लेक गेल्याचा निरोप थंडीतच पोचला होता, तरी म्हातारी दारातच होती. तिने पेटी उतरवून घेतली, शाल बाहेर काढली, पुन्हा आत ठेवली. मग काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारली आणि डावीकडच्या काचेतून आत बघितलं.

"हीच का ती?"

"हो."

"झाली नीट?"

"झाली."

"काय झालं होतं तिला?"

"तार दबत होती, सासूबाई."

"मग," म्हातारी म्हणाली, "सोडवायची होती."

मुकुंदरावांनी चहा घेतला आणि निघाले.

रविवारी जांभळाखाली सगळं जंगल जमलं. हार झाला, नारळ झाला. भाऊसाहेब तक्त्यावर पाऊण तास बोलले. शेवटी मुकुंदराव उठले.

"दोष तक्त्यात नव्हता," ते म्हणाले. "सीटखालच्या तारेत होता. शेजारी कोणी बसलं की ती दबायची. मी एकटा असलो की गाडी नीट चालायची. हे मला सांगितलं गेलं होतं. मी चार वर्षं आकडे बदलत बसलो. एकदा वाकून बघायला हवं होतं. एवढंच."

ते बसले. मुलांनो, जाणकारांच्या सभेत अशी शांतता क्वचित होते, आणि फार टिकत नाही.

"म्हणजे," भाऊसाहेब सावकाश म्हणाले, "मूळ दोष शेजारी बसणाऱ्यात होता."

"दोष तारेत होता, भाऊसाहेब. दोन बोटं सरकवली की झालं."

"तार सरकवणं ही मलमपट्टी झाली, मुकुंदराव. आपण मुळाशी जातोय. कोणी बसलं नसतं तर तार दबली असती का?"

"नसती."

"कोणी बसलं नाही तेव्हा रेघ कशी आली?"

"सपाट."

"मग झालं तर."

"वजनही वाचेल," रानडुक्कर म्हणालं. "माझी बायको शेजारी बसते तेव्हा गाडी चढच घेत नाही. मला वाटायचं टायर."

डाव्या सीटा काढायचा ठराव एकमताने मंजूर झाला. मुकुंदराव मतदानाला हात वर करायचे राहिले, ते तटस्थ म्हणून धरले गेले. आठवड्याभरात जंगलातल्या सगळ्या गाड्यांच्या डाव्या सीटा उपसल्या गेल्या. त्या जांभळाखाली ढीग करून ठेवल्या. काहींमध्ये सशांनी संसार मांडले.

आता त्या जंगलातल्या गाड्या फार सुरेख चालतात. दर रविवारी सपाट रेघा एकमेकांना दाखवल्या जातात. बायका, म्हाताऱ्या आया आणि जुने मित्र गव्याच्या बसने जातात. बस जुनी आहे. प्रत्येक वळणावर दणके देते. आतले एकमेकांवर आदळतात, काटे टोचले म्हणून तक्रार करतात आणि पुढच्या वळणावर पुन्हा आदळतात.

मुकुंदरावांनी तेवढी डावी सीट काढली नाही. मंडळात विषय निघाला, पण भाऊसाहेबांनी मोठ्या मनाने तो मिटवला. "त्यांना नियमातून सूट देऊ," ते म्हणाले. "त्यांच्या सीटचा आता काही त्रास नाही."

तात्पर्य : शेजारी कोणी बसलं की आचके बसायचेच. ज्यांना रेघ सपाट हवी, त्यांनी एकटंच जावं. पेट्रोलही कमी लागतं.